अनंताचा दोरा आणि तळ्याचा बर्फ

जो शेषावर पहुडलेला असूनही सर्वत्र जागा आहे, त्या श्रीअनंताला वंदन करून आणि त्याच्यासमोर मान खाली घालून हे लिहीत आहे. निमित्त माझ्या सुनेच्या स्मरणाचे आहे. सुमेधाचे पहिले मासिक श्राद्ध गावी आटोपून मी आणि माझा मुलगा श्रीधर जेद्दाहला परत आलो आहोत. घर तेच आहे. खिडकीखालचा रस्ता, समोरची खबूस रोट्यांची भट्टी, संध्याकाळी समुद्राकडून येणारा दमट वारा, सगळे तसेच आहे. मयताविषयी चांगले बोलण्याचा रिवाज आहे आणि तिच्याविषयी वाईट बोलावे असे काही नव्हतेही. मात्र हा लेख स्तुतीसाठी लिहिलेला नाही. तिच्या नावावर एक डाग राहिला होता. तो माझा होता, हे मला ती गेल्यावर कळले.

बातमी आली तेव्हा मी पूजेला बसलो होतो. आमचे देव निजायच्या खोलीतल्या लाकडी कपाटात असतात. पाहुणे आले की कपाटाची दारे लावून घ्यायची, ही इथल्या संसाराची साधी रीत. श्रीधर हृदयरोगतज्ज्ञ आहे आणि त्या सकाळी तो रुग्णालयातच होता. फोन त्याचाच होता. सुमेधाला कामाच्या ठिकाणी घेरी आली, तिथून तिला त्याच्याच रुग्णालयात आणले होते. "अप्पा, ती गेली," एवढेच तो म्हणाला. दुसऱ्यांच्या हृदयांवर उपचार करणाऱ्या माझ्या मुलाचा आवाज त्या क्षणी अगदी लहान मुलासारखा झाला होता… माझ्या हातातले फूल देवावर वाहायचे की खाली ठेवायचे, हेही मला समजेना.

माझे शिक्षण कृष्णाकाठच्या एका पाठशाळेत झाले आणि पुढे शाळेत संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेले. पत्नी गेल्यावर श्रीधरने मला इकडे आणले. सुमेधा इथल्या एका खाजगी पर्यावरण-प्रयोगशाळेत काम करीत असे. तिचे काम मला समजायला वेळ लागला, पण तिने ते कधी कंटाळून सांगितले नाही. प्लास्टिक झिजते, त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण आणि तंतू होतात, ते पाण्यातून आणि वाऱ्यातून हिंडतात आणि कुठेतरी खाली बसतात. ते कुठवर पोचले आहेत, हे ती शोधत होती. थुवाल गावाच्या पलीकडे तिवरांची एक खाडी आहे. तिथल्या चिखलात नळी खुपसून गाळाची उभी कांब काढायची, तिचे थर कापायचे, आणि जितका खालचा थर तितका जुना काळ असे मानून प्रत्येक थरातले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. मला हे एखाद्या पोथीची पाने उलटी वाचण्यासारखे वाटे. तसे मी एकदा म्हणालोही. ती म्हणाली, "फरक एवढाच की अप्पा, या पोथीला फार वास येतो."

त्या गाळाच्या जोडीला पुढे बर्फ आला. उत्तरेकडच्या एका थंड देशातील संशोधकांनी आपल्या गोठलेल्या तळ्याचा बर्फ आणि त्याच तळ्याच्या बुडाचा गाळ कापून पेट्यांमधून इकडे पाठवला होता. वाळवंटाच्या कडेचा गाळ आणि मनुष्यवस्तीपासून दूर असलेल्या तळ्याचा बर्फ एकाच टेबलावर, एकाच पद्धतीने तपासायचा, अशी योजना होती. एका सुट्टीच्या दिवशी सुमेधाने मला मुद्दाम नेऊन तो दाखवला. बाहेर रस्ता तापून वितळल्यासारखा दिसत होता, आणि आत शीतखोलीच्या काचेमागे निळसर झाक असलेल्या लाद्या मांडून ठेवल्या होत्या. मी आपोआप हात जोडले. तिथे एक सहकारी बाई होत्या. त्या हसल्या नाहीत, उलट माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली. त्या नसीमा. मूळच्या हर्णैच्या, नवऱ्याच्या धंद्यामुळे इथे स्थायिक झालेल्या. सुमेधाला ताई म्हणत आणि पहिल्याच भेटीत मलाही अप्पा म्हणू लागल्या.

या कामात मोठी भीती असते ती स्वतःच्या धुळीची. आपल्या कपड्यांतून, केसांतून, खुर्चीच्या कापडातून तंतू झडतात आणि नमुन्यात पडतात. म्हणून सुमेधाने तिथे कडक शिस्त लावली होती. अबाया, म्हणजे इथल्या बायकांचे पायघोळ काळे झगे, बहुधा कृत्रिम धाग्यांचे असतात, ते दाराबाहेर टांगायचे. आत फक्त सुती कोट घालायचा. ते कोट तिने एका शिंप्याकडून साध्या पांढऱ्या कापडाचे शिवून घेतले होते. शिवाय प्रत्येक तपासणीच्या वेळी शुद्ध पाण्याची एक कोरी बशी तेवढाच वेळ शेजारी उघडी ठेवायची. तिच्यात तंतू सापडला तर तो बर्फाचा नव्हे, आपला. नसीमाबाईंनी एकदा मरून रंगाची नायलॉनची ओढणी घालून पाऊल आत टाकले, तर सुमेधाने त्यांना दारातूनच परत पाठवले होते. "आमच्या ओढणीला ताईंनी खुरूज दिला," म्हणजे देश सोडून जाण्याचा शिक्का, असे त्या पुढे कितीतरी दिवस सर्वांना सांगत असत.

आता दोऱ्याविषयी लिहायला हवे. आमच्या घराण्यात अनंतव्रत आहे. भाद्रपदातल्या चतुर्दशीला चौदा गाठींचा लाल रेशमी दोरा पुजायचा, पुरुषाने उजव्या आणि स्त्रीने डाव्या दंडावर बांधायचा, आणि तो पुढच्या चतुर्दशीपर्यंत उतरवायचा नाही. पत्नी होती तोवर ती घरीच रेशीम पिळून दोरे वळत असे. तिच्यामागे मी ते गावच्या पूजासाहित्याच्या दुकानातून तयार आणू लागलो. सुमेधा फारशी व्रतवैकल्ये करणारी नव्हती. पण हे व्रत जोडप्याने चालवायचे असते. माझ्या मनातली रुखरुख तिने ओळखली आणि आपणहून हात पुढे केला. दोरा बांधताना मी तिला बजावले होते, काही झाले तरी हा काढायचा नाही. ती म्हणाली होती, "नाही काढणार. आंघोळीलाही नाही."

मग लाल तंतू सापडू लागले. प्रथम खाडीच्या गाळात, नंतर उत्तरेच्या बर्फात, आणि दोन्ही ठिकाणी तंतोतंत एकसारखे. सुमेधाला झालेला तो आनंद मी आजही डोळ्यांपुढे आणू शकतो. इथल्या तिवरांतला आणि तिथल्या निर्जन तळ्यातला तंतू एकच असेल तर वारा त्याला किती दूर नेतो याचा हा पुरावा होता. जेवताना ती ताटातल्या भाताच्या ढिगावर बोटाने वाऱ्याच्या वाटा काढून दाखवी. श्रीधर चिडवायचा, "भात थंड होतोय, तुझा वारा थांबव." शोधनिबंध लिहून झाला, पाठवला गेला, आणि उत्तरेकडच्या मंडळींचे अभिनंदनही आले. कोऱ्या बशीत कधी लाल तंतू आला नव्हता, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती.

पुढे प्रयोगशाळेतल्या एका नळाची दुरुस्ती निघाली आणि टेबले हलवावी लागली. तोवर कोरी बशी शेजारच्या, नसीमाबाईंच्या टेबलावर ठेवली जात असे. जागा आखडल्यामुळे ती सुमेधाच्या कोपराशी आली, आणि त्याच दिवशी त्या कोऱ्या बशीत लाल तंतू पडला. सुमेधा हबकली. तिने खुर्च्या तपासल्या, पडदे, फरशी पुसायच्या फडक्यांपर्यंत सगळे तपासले. शेवटी ती नसीमाबाईंवर रागावली, ती ओढणी तू पुन्हा आत आणली असशील, असे चारचौघांत म्हणाली.  सुमेधाने खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर संशय घेतला, फक्त स्वतःच्या दंडावर घेतला नाही. ते तिचे कापड नव्हते, दागिना नव्हता, ते काहीच नव्हते, इतके ते अंगाचे झाले होते. बर्फाच्या पाण्यावर वाकताना ती कोटाची ढगळ बाही कोपराच्या वर सारत असे आणि दोऱ्याची पिंजारलेली टोके थेट बशीवर येत… हात धुताना आरशात तो दोरा दिसला तेव्हा हे तिच्या ध्यानात आले.

त्या संध्याकाळी मी दिवा लावत होतो. ती कपाटाशी येऊन उभी राहिली. "अप्पा, रागावू नका. एक दोरा जाळून बघायचाय."

"अनंताचा?"

"पुडीत उरलेला. पुजलेला नाही."

मी पुडी दिली. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि चुरडणारी राख होते, हे मला पत्नीमुळे ठाऊक होते. तिने चिमट्यात धरलेला दोरा ज्योतीजवळ नेला. तो आक्रसला, वितळला आणि टोकाला एक कडक काळा मणी तयार झाला. वास प्लास्टिकचा होता. मी तो मणी हातात घेतला. माझ्या देवापुढे, माझ्या दिव्यावर, माझ्याच हाताने आणलेली वस्तू…

"मला रेशीम म्हणून दिला होता," मी म्हणालो.

"मलाही तेच वाटलं, अप्पा. आणि मी तर यंत्र घेऊन बसते."

ती मला सावरायला म्हणून हसली. मी हसलो नाही. मी विचारले, "उद्या तिथे काय सांगशील?" प्रश्न साधा होता, मी काही लपवायला सांगत नव्हतो, असे मी आजवर स्वतःला समजावत आलो आहे. पण विचारताना माझा आवाज कसा होता, हे ऐकणारीलाच ठाऊक. तिने माझ्याकडे थोडा वेळ पाहिले आणि म्हटले, "जे झालं ते." त्या रात्री मी जेवलो नाही. पुढचे काही दिवस देवाचे कपाट नुसते पुसून बंद ठेवले. शुद्ध म्हणून जे मी घराला दिले होते ते अशुद्ध निघाले होते, आणि ते परक्या लोकांसमोर, परक्या धर्माच्या भूमीवर उघडे पडणार होते. मला लाज वाटली ती याची. दुसऱ्या संध्याकाळी ती आली, पर्स ठेवली आणि म्हणाली, "सांगून झालं, अप्पा." काय सांगितले, हे मी विचारले नाही.

शोधनिबंध मागे घेतला गेला. सुमेधाला मुख्य कामावरून काढून अहवाल लिहिण्याच्या टेबलावर बसवले. पुन्हा आत काम करायचे तर नवशिक्यांबरोबर शिस्तीचे धडे घ्यावे लागतील असे ठरले, आणि तिने ते घेतले. तेव्हापासून ती खादीखेरीज काही नेसत नसे. मला वाटले, तिने काही नेम धरला असेल. ती घरी पूर्वीसारखीच वागे, माझी औषधे काढून ठेवी, शुक्रवारी पुरणही घाली. बदललो मी होतो. नसीमाबाई ईदला शीरखुर्मा घेऊन आल्या, तेव्हा मी जपाचे निमित्त करून खोलीत बसून राहिलो. मला वाटत होते, त्या प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला माझा दोरा ठाऊक आहे आणि तिथे माझ्या श्रद्धेवर विनोद होत असतील. दारापलीकडून सुमेधाचा आवाज आला, "अप्पांचा जप लांबलाय." त्या आवाजात कसलीही तक्रार नव्हती.

हे असे वर्षभर चालले, आणि मग ती गेली.

गावाहून परतल्यावर नसीमाबाई पतीसह भेटायला आल्या. या वेळी मी खोलीत गेलो नाही. चहा झाला. श्रीधर त्यांच्या पतीशी कागदपत्रांविषयी बोलत होता. बाईंनी रिकामे कप गोळा करून ठेवले. मग म्हणाल्या की प्रयोगशाळेत ताईंसाठी सगळे जमले होते. ताईंचे कौतुक झाले, पण शेवटी कुणीतरी म्हणालेच, कामात हुशार होत्या, मात्र दुसऱ्यांना नियम शिकवून स्वतः पॉलिएस्टर घालून आल्या, एवढे एक चुकले.

मी म्हणालो, "पण तो तर दोरा होता. तिने सांगितले होते ना?"

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. "नाही ओ अप्पा. ताईंनी कपडा म्हणून सांगितलं. माझ्या अंगावरचा कपडा, मी नियम मोडला, असं लिहूनही दिलं. दोरा फक्त मी बघितलेला, कापून काचेच्या कुपीत ठेवला तेव्हा. मला शपथ घातली, अप्पांचं नाव यात नको, त्यांनी देव बंद करून ठेवलेत म्हणाल्या." मग त्या म्हणाल्या, "आधी माझी माफी मागितली त्यांनी, सगळ्यांसमोर. मग पोरं रोज दारात विचारायची, ताई, आज काय घालून आलात? ताई हसायच्या. काल तिथे पुन्हा तेच निघालं, आणि मला शपथ सांभाळवेना."

 वर्षभर मी माझे तोंड लपवत होतो, आणि ते तिने पहिल्याच दिवशी झाकून टाकले होते. मला कुणी हसत नव्हते. तिलाच हसत होते. गाळातला एकेक तंतू कुठून आला हे सांगितल्याशिवाय जिला चैन पडत नसे, तिने आयुष्यात एकदाच एका तंतूचा उगम खोटा सांगितला, आणि तो माझ्यासाठी. सत्याविषयी मी मुलांना आयुष्यभर शिकवले. माझ्या घरात माझ्या चेहऱ्याकडे पाहून कुणाला असत्य बोलावे लागले, हे मात्र माझ्या ध्यानात आले नाही.

मी श्रीधरला सांगितले, मला प्रयोगशाळेच्या प्रमुखांना भेटायचे आहे. तो नको म्हणाला. "अप्पा, आता कशाला? ती गेली. आपण इथे इकाम्याच्या परवान्यावर राहतो, पूजेअर्चेचं लेखी कशाला द्यायचं?" त्याची काळजी खोटी नव्हती. मी म्हणालो, "तिने हाच विचार केला, श्रीधर. आणि आपण तिला तो करू दिला."  सकाळी तो गाडीची किल्ली घेऊन दारात उभा होता.

प्रमुख माझ्याच वयाच्या आसपासचे, पांढऱ्या पायघोळ थोबमधले शांत गृहस्थ. त्यांनी कहवा मागवला. मला अरबी येत नाही, म्हणून मी मराठीत बोलत गेलो आणि नसीमाबाई सांगत गेल्या. मी म्हणालो, ते वस्त्र नव्हते. पूजेचा दोरा होता. मी तो रेशीम समजून विकत आणला, मी बांधला, आणि वर्षभर काढू नये असे मीच बजावले होते. तुमच्या नियमांत कपड्यांचा उल्लेख होता, दोऱ्याचा नव्हता. तिने कुठलाही नियम मोडला नाही.

त्यांनी विचारले, "हे तिने तेव्हा का नाही सांगितलं?"

नसीमाबाईंनी प्रश्न मला सांगितला आणि माझ्या उत्तरासाठी त्या थांबल्या. मी म्हणालो, "माझी लाज राखायला."

त्यांनी कहव्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर मी समजून घेतलं असतं." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखे, "कदाचित नसतंही घेतलं." बोलताना त्यांच्या बोटांत जपाची माळ, तस्बीह, फिरत होती. ती फिरता फिरता थांबली. तिच्या टोकाला हिरव्या, चमकदार धाग्यांचा गोंडा होता. त्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला, एक धागा ओढला, तो सहज निघून आला. नसीमाबाईंनी नजर दुसरीकडे वळवली. प्रमुखांनी काही न बोलता ती माळ टेबलावर ठेवली आणि कागद पुढे ओढला.

दुरुस्तीची टीप छापली जाईल. तंतू संशोधिकेच्या अंगावरील व्रताच्या दोऱ्याचे होते, वस्त्राचे नव्हते, आणि तत्कालीन नियमांचा भंग झालेला नव्हता, असे तिच्यात असेल. कुपीतला दोराही तपासून त्याचा तपशील दिला जाईल, म्हणजे दुसऱ्या कुणाची अशी फसगत होणार नाही. मी खाली सही केली. माझे समाधान व्हायला हवे होते. पण ज्या वर्षात ती रोज त्या दारातून आत जात होती ते वर्ष कुठल्याही टिपेने परत येत नाही, आणि लाज कमी झाली असे मी म्हणणार नाही.

परवा नसीमाबाईंनी मला पुन्हा तिकडे नेले, सुमेधाच्या टेबलावरचे सामान आणायला. प्रयोगशाळेच्या दाराशी आता एका उंच मांडणीवर काचेची एक थाळी ठेवली आहे. आत जाणारा प्रत्येक जण अंगावरचे जे कपड्यांत धरले जात नाही ते तिच्यात ठेवतो. मी पाहिले तेव्हा तिच्यात ती हिरव्या गोंड्याची तस्बीह होती, कुणाचे तरी मनगटी कडे होते, एका केरळी मुलाचा क्रूसाचा दोरा होता. नसीमाबाईंनी गळ्यातला ताईत काळ्या गोफासकट काढून ठेवला. तिला सगळे ताईंची थाळी म्हणतात, असे त्या म्हणाल्या. मी तिच्यापुढे उभा राहिलो. माझ्या गळ्यातली तुळशीची माळ मीच ओवली आहे, सुती दोरा सारखा तुटतो म्हणून नायलॉनच्या दोऱ्यात. ती काढून मी थाळीत ठेवली.

नसीमाबाई म्हणाल्या, "अप्पा, तुम्ही आत कुठे येताय? सामान मी आणते की. माळ कशाला काढलीत?"

 त्या आत गेल्या. मी माळ तशीच राहू दिली आणि दाराबाहेर बसून राहिलो…

वाचकहो, तुमच्या घरात कुणी तुमची लाज आपल्या अंगावर घेऊन मुकाट्याने वावरत असेल, तर ते तुम्हांला त्या माणसाच्या हयातीतच कळो, आणि कळल्यावर त्याचा हात हातात घेण्याचे धैर्य तुम्हांला लाभो. श्रीअनंत तुमच्या मुलाबाळांना, सुनालेकींना आणि चुलीवरच्या अन्नाला निर्मळ राखो. शुभं भवतु.